भिंतीवर मावलं तेवढं

माझं अक्षर सुरेख आहे आणि सगळा घोटाळा त्यानेच केला. अक्षर वाईट असतं तर लोकांनी वाचलंच नसतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्या बीड जिल्ह्याची अब्रू चव्हाट्यावर आली होती, तेव्हाची ही सुरुवात. हजार मुलग्यांमागे मुली किती, हा आकडा पेपरात रोज यायचा आणि रोज मान खाली घालावी लागायची. मी आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. आमचे हे, विठ्ठलराव, माजी सरपंच. त्यांचं मत मोर्चा काढावा असं होतं, कारण मोर्चात ते पुढे चालतात आणि फोटो येतो. मी म्हटलं, मोर्चा संध्याकाळी घरी जातो, भिंत जाग्यावर राहते. गेरूची बादली घेतली आणि निघाले.

घोषवाक्य वरून आलेलं होतं: ‘गर्भलिंग तपासून मुलीचा गर्भ पाडणे हा कायद्याने गुन्हा आहे.’ पहिल्या दोन गावांत ते नीट बसलं. तिसरी भिंत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला विजेचा मीटर, मध्ये चार हात जागा. कुणा बाबूने ‘सुरुवातीचे शब्द गाळा’ म्हणून सांगितलं असतं तर आज त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. पण नाही, डोकं माझंच. मी लिहिलं: ‘गर्भ पाडणे हा गुन्हा आहे.’ खाली ठसठशीत नाव टाकलं: सौ. वनमाला विठ्ठलराव.

जिल्ह्याहून साहेब आले. वाक्यात दम आहे म्हणाले, शाल-नारळ दिला. गेरूही कमी लागत होता, म्हणून पुढच्या एक्केचाळीस गावांत मी तेच वाक्य लिहिलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही बेचाळीस ठिकाणी.

बरं, मी काही अडाणी नाही. दोन हजार एकवीसला कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा बीडला शिबिराला गेले होते. गर्भपात कायद्याने कधी करता येतो, किती आठवड्यांपर्यंत, कुणाची परवानगी लागते, सगळं वहीत उतरवून घेतलं. कायद्याची पुस्तिका पर्समध्येच असते. पण पर्समधला कायदा आणि भिंतीवरचं वाक्य यांची एकदाही गाठ पडू नये, असं माझं डोकं.

ती गाठ घालून दिली बबिताने, यंदा दिवाळीनंतर. बबिता आमच्या गावच्या धनगरवस्तीवरची. नवरा जीवन, सासू सारजाबाई, दोन लेकरं आणि दोनशे मेंढरं. दिवाळी झाली की हे लोक बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघतात ते पावसाळ्यालाच परत येतात. ती दुपारी एकटीच आली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, “ताई, एक इचारू? बायांला जेलात किती साल ठिवत्यात?”

“कुनाला मारलंस?”

“आजून न्हाई.”

मग हळूहळू बाहेर पडलं. तांबी बसवली होती ती पडली आणि दिवस गेले. धाकटी दीड वर्षाची. तिच्या वेळी परळीकडे मेंढरं घेऊन गेलेले असताना रस्त्याच्या कडेला बाळंत झाली, रक्त थांबेना, जीवनने घोड्यावर घालून दवाखान्यात नेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा जगली.

“मला तिसरं नको. म्या मेले तर ह्या दोगांचं काय? मला लई भ्या वाटती ताई,” ती म्हणाली.

“अगं मग दवाखान्यात गेली न्हाईस कावून?”

“गेलते की. तीन आठवडे झाले. दारातनंच माघारी आले. भितीवर तुमीच लिवलंय ना, गुन्हा हाय म्हनून.”

आणि पदराची गाठ सोडून तिने एक वाळकी मुळी दाखवली. परळीच्या बाजारात कुणा बाईने दिलेली. तीच आज घ्यायची होती.

मला त्या क्षणी स्वतःच्या मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. ते काही जमेना, म्हणून मी ती मुळी हिसकावली आणि उकिरड्यावर लांब भिरकावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही दोघी दवाखान्यात. तिथला क्लार्क सुग्रीव. वीस वर्षं एकाच खुर्चीत आहे. डॉक्टर येतात आणि बदलून जातात, सुग्रीव राहतो. मी त्याच्या कानाशी जाऊन काम सांगितलं. त्याने मान वर न करता पेनाने माझ्यामागच्या भिंतीकडे दाखवलं.

“ते हितं होत न्हाई ताई. वाचा.”

“वाचलंय. चुकीचं हाय ते.”

“आसं कसं? खाली तुमचंच नाव हाय.”

“म्हनूनच सांगते चुकीचं हाय! चुना आन, मी आत्ता पुसते.”

“भिंत सरकारी हाय. पुसायची तर अर्ज करावा लागंल.”

“लिहिताना मागितला होता का कुनी अर्ज?”

“तवा मी रजेवर होतो,” सुग्रीव म्हणाला.

आमचा आवाज चढला तशी डॉक्टरबाई बाहेर आली. तरुण पोरगी, लातूरकडची, येऊन वर्षही झालं नसेल. तिने बबिताला आत नेलं, सोनोग्राफी केली आणि मला बोलावलं. आठ आठवडे पाच दिवस. गोळ्यांनी करायचं तर नऊ आठवड्यांच्या आत. त्यानंतर पिशवी साफ करायची, ती सोय इथे नाही, जिल्ह्याला जावं लागेल. म्हणजे हातात दोनच दिवस, आणि तिकडे जीवनचं निघायचं ठरलेलं. तांबी निकामी झाली हे कारण कायद्यात बसतं, काही अडचण नाही, असं डॉक्टरबाईच म्हणाली. मी मनातल्या मनात लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोलले.

“फक्त नवऱ्याची सही आणा,” ती म्हणाली.

झालं. मी पुस्तिका काढली. बाई अठरा वर्षांवरची असली की तिची एकटीची संमती पुरते, हे वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित करून ठेवलेलं आहे. डॉक्टरबाईने ते वाचलंही.

“मला माहीत आहे हो, परीक्षेत लिहिलंय मी. पण इथे पद्धत आहे. माझ्या आधीच्या सरांनी अशीच एकदा सही घेतली नाही. चार दिवसांनी नवरा वीस माणसं घेऊन आला आणि काचा फोडून गेला. मी इथे एकटी राहते, ताई. आणि फॉर्मवरच ओळ आहे, बघा.”

होती खरी. संमतीच्या फॉर्मवर अगदी तळाला, ‘पतीची सही’. झेरॉक्सवर झेरॉक्स होऊन अक्षरं फुगली होती.

मी अर्धा तास भांडले. कायदा सांगितला, वर तक्रार करीन म्हटलं, पाणी प्याले आणि पुन्हा भांडले. आणि मग, खोटं कशाला बोलू, माझा धीर सुटला. दोन दिवसांत निकाल लावायचा होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण बबिताच्या पोटाला ते कोण सांगणार? मी बाहेर येऊन जीवनला फोन लावला. तो सहा-सात किलोमीटरवर एका मळ्यात मेंढरं बसवून होता.

“जीवन, लगोलग ये. तुजी सही लागती.”

“येतो की. पर मेंढरं कुनापशी सोडू? म्हातारी एकटी हाय.”

“मेंढरासगट ये!” मी ओरडले आणि फोन ठेवला.

बाकीच्यांना कळतं की माणूस रागात असं बोलतो. जीवन सरळ माणूस. तो मेंढरासगट निघाला.

तोवर बबिता बाकावर बसून होती. सातवी शिकलेली आहे. मी बाजूला टाकलेली पुस्तिका तिने उचलली आणि अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागली. मी म्हटलं, वाचू दे, वेळ जाईल. शेवटच्या पानापर्यंत गेली, परत पहिल्या पानावर आली. मध्येच मला विचारायची, “ताई, गोपनीय म्हंजे?” मी सांगायची.

दुपारी दीडच्या सुमाराला आधी कुत्री भुंकली. मग घोडा दिसला, घोड्यावर दोन्ही लेकरं, आणि मग रस्ता पांढरा झाला. दोनशे मेंढरं फाटकातून आत आली. दवाखान्याने पर्यावरण दिनाला लावलेली झाडं पाच मिनिटांत जून महिन्याच्या आधीच्या अवस्थेला गेली. सुग्रीव खिडकीतून ओरडत होता की त्या झाडांची नोंद आहे. मागून काठी टेकत सारजाबाई आली, सत्तरी ओलांडलेली, पण हाळी अशी की अख्खा कळप जाग्यावर थांबला. जीवनने फेटा सावरला, चपला दारात काढल्या आणि आत आला.

“कुटं करायची सही?”

मला हायसं वाटलं. डॉक्टरबाईला माझ्याहून जास्त. सुग्रीवने पेन पुढे केलं.

“ह्यांनी सही करायची न्हाई,” बबिता म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती पुस्तिका छातीशी धरून उभी राहिली होती.

“मॅडम, हितं लिवलंय बाईची संमती. दुसऱ्या कुनाची न्हाई. म्या चारदा वाचलं. भितीवरलं एकदाच वाचलं अन् तीन आठवडे भ्याले. आता चारदा वाचलंय.”

“अगं पण तुझा नवरा तयार आहे ना? मग अडचण काय?” डॉक्टरबाई म्हणाली.

“माजा तयार हाय. उंद्याला येनारीचा नसंल. ती काय करंल? मुळी खाईल.”

आणि इथे मी, वीस वर्षं महिला मंडळाची अध्यक्ष असलेली, काय बोलले असेन? म्हणाले, “बबिता, येडी का खुळी? दोन दिवस ऱ्हायलेत. घेऊ दे सही अन् हो मोकळी. कायद्याचं मी नंतर बघते.”

“तुमी बघितलंच की ताई,” बबिता म्हणाली. रागाने नाही, साधंच. म्हणून जास्त लागलं.

डॉक्टरबाईने मोर्चा जीवनकडे वळवला. “तुमची संमती आहे ना?”

“हाय.”

“मग सही करा.”

“ती नको म्हनती.”

“म्हणजे तुमची संमती नाही?”

“हाय की! पर सही न्हाई. मागल्या टायमाला मॅडम, हिला घोड्यावर घातली तवा ही गार पडली हुती. मी सगळ्या रस्त्यानं हिला म्हनत हुतो, तू म्हनशील ते करतो, पर मरू नको. आता ती म्हनती सही नको. मी कसा करू?”

सुग्रीवलाच राहवेना. तो म्हणाला, “मॅडम, एक मार्ग हाय. ‘माझ्या सहीची आवश्यकता नाही’ असं ह्यांच्याकडनं लिहून घेऊ, अन् त्याखाली ह्यांची सही घेऊ.”

डॉक्टरबाईला हसू फुटलं. दिवसभरात पहिल्यांदा. हसता हसता तिने तो फॉर्म उजेडात धरला आणि नीट पाहिला. वरची सगळी अक्षरं छापील, आणि ती शेवटची ओळ हाताने लिहिलेली.

“सुग्रीव, ही ओळ फॉर्मवर आली कुठून?”

सुग्रीवने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. “मीच घातली मॅडम. लई दिवस झाले.”

“कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. खाली जागा उरली हुती. मोकळं बरं दिसंना.”

मी त्याला खाऊ की गिळू करायला हवं होतं. पण माझ्याच्याने हसवेना आणि रागवतासुद्धा येईना. माझी जागा संपली म्हणून मी गाळलं होतं, त्याची उरली म्हणून त्याने घातलं होतं, आणि या दोन शहाण्यांच्या मध्ये बबिता तीन आठवडे पदराला मुळी बांधून हिंडत होती. डॉक्टरबाईने टेबलावरची पट्टी घेतली, फॉर्मच्या तळाला धरली आणि ती ओळ सरळ फाडून काढली. गठ्ठ्यातल्या बाकीच्या फॉर्मचंही तसंच केलं. मग म्हणाली, “काचा फुटल्या तर फुटल्या. जीवनराव, तुम्ही तेवढे वीस माणसं आणू नका.”

“माज्याकडं दोनशे मेंढरंच हायती,” जीवन म्हणाला.

बबिताने सही केली. सावकाश, एकेक अक्षर. पहिली गोळी तिथेच पाण्याबरोबर घेतली. दुसऱ्या गोळ्यांना परवा यायचं होतं. दवाखान्याच्या मागच्या शेतकऱ्याने एवढ्यात कुंपणावरून हाक मारून विचारलं की मेंढरं दोन दिवस माझ्या रानात बसवता का, खत होईल. तेव्हा तीही सोय झाली. डॉक्टरबाईने बबिताला तासभर खाटेवर आडवं केलं. जीवन तिच्या पायाशी खाली बसला आणि धाकटी त्याच्या फेट्याशी खेळत राहिली.

मी बाहेर ओपीडीच्या बाकावर सारजाबाईशेजारी टेकले. समोर बायांची रांग होती, वीस-पंचवीस तरी असतील. कामात इतकी धावपळ झाली होती की या म्हातारीला कुणी काही समजावून सांगितलंच नव्हतं. दारातून तिने जे ऐकलं तेवढंच; सासू काय म्हणेल याची मला धाकधूक होती. ती म्हणाली, “पाटलीनबाई, ह्यो कायदा नवा निगाला व्हय?”

मला विषय मिळाला. शिबिरात शिकलेलं सगळं मी तिला ऐकवलं. इंग्रजांच्या राज्यापासून हा गुन्हा होता. बाया काड्या-मुळ्या करून मरायच्या, म्हणून दिल्लीत समिती बसली. सहा-सात वर्षं खल झाला. मग एकाहत्तर साली कायदा पास झाला आणि बहात्तरच्या एक एप्रिलला लागू झाला. तारीख अशी की लोकांना थट्टाच वाटली असेल, असं म्हणून मी हसले. मग दुरुस्त्या झाल्या, मग एकवीस साली आणखी एक, आता लग्न न झालेलीलाही...

“थांबा. बहात्तर म्हंजे दुष्काळाचं साल?”

“तेच.”

“एप्रिल म्हंजे चैत?”

“हो, चैत्रच.”

सारजाबाई बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. वैशाख, जेठ, आखाड. ओठ हलत होते. “साखराबाई माजी थोरली जाऊ,” ती म्हणाली. “दुष्काळात आमी दोगी खडी फोडायला हुतो. तिला पाचवं ऱ्हायलं. खायला न्हाई, प्यायला न्हाई, पाचवं कुटं घालती? मुळी घातली तिनं. खडीच्या ढिगाऱ्यामागं दोन दिस वरडत हुती. मी तिचं डोस्कं मांडीवर घेऊन बसलेली. पौषात मेली.” तिचा अंगठा शेवटच्या पेरावर थांबला. “नऊ म्हयनं. नऊ म्हयन्यात लेकरू पोटातनं भाईर येतं पाटलीनबाई. अन् कायदा दिल्लीहून आमच्या खडीपतुर आला न्हाई. आमाला कुनी सांगितलं न्हाई कावून?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी काहीतरी म्हणायला लागले, की सरकार, की तेव्हा रस्ते नव्हते.

तिने ते ऐकून घेतलं नाही. काठी रोवली, उठून उभी राहिली, आणि डोंगरापलीकडच्या मेंढराला घालतात तशी हाळी घातली.

“आगं बायांनोऽऽ! आयका! पोट पाडायचा कायदा हाय! पन्नास वर्सं झाली! बाईची सही चालती! नवऱ्याची लागत न्हाईऽऽ!”

बाहेर दोनशे मेंढरांनी मालकिणीचा आवाज ओळखला आणि सगळी मिळून दारातून आत घुसली. सुग्रीव टेबलावर चढला. पोरं रडायला लागली, कुणाची औषधाची बाटली फुटली, डॉक्टरबाई बाहेर धावत आली. त्या गोंधळात रांगेतली एक बाई, मेंढरांना हाताने बाजूला सारत, पदर डोक्यावर ओढून घेत, सारजाबाईच्या अगदी जवळ आली.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “परत एकदा सांगा.”